मे चिकट, पण पारा मार्चमध्येच चढतो
रत्नागिरीत मे महिना सर्वांत त्रासदायक, असं म्हणतात; ते घामापुरतं मान्य. पण थर्मामीटरवरचे सर्वांत तापलेले दिवस बहुतेकदा फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतात. तेव्हा जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खारा वारा किनाऱ्यावर यायला दुपार उलटते. तोवर पारा ३८-३९ अंशांपर्यंतही जातो. मेमध्ये पश्चिमेचा वारा लवकर सुटतो, म्हणून कमाल तापमान साधारण ३३च्या आसपास राहतं, दमटपणा मात्र जीव नकोसा करतो.

बागायतदारांना खरी धास्ती मार्चच्या त्या चार-पाच दिवसांचीच. सुपारीएवढी कैरी गळते, मोठं फळ उन्हाच्या बाजूने भाजतं आणि वर्षभराची मेहनत झाडाखाली पडलेली दिसते. ‘किनारपट्टीचं हवामान सम’ असं सरसकट म्हणताना हे दिवस विसरू नयेत.