मदत हवी आहे: बीएल21 मध्ये सीसीडीएबी असूनही प्लाझ्मिड गळतंय

बीएल21 हा प्रथिन बनवायला वापरतात तो ई. कोलाय स्ट्रेन. पी15ए ओरिजिनच्या (प्रती बनणं जिथून सुरू होतं तो भाग) प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतल्या छोट्या गोल डीएनएवर, एफ प्लाझ्मिडची सीसीडीएबी ही टॉक्सिन-अँटिटॉक्सिन जोडी घातली आहे: सीसीडीबी हे विष, सीसीडीए त्याचा उतारा, म्हणजे प्लाझ्मिड हरवलेली पेशी मरावी. अँटिबायोटिकशिवाय एलबी या पोषक माध्यमात 37 अंशांवर, दर 24 तासांनी 1:1000 पातळ करून वाढवतो, म्हणजे रोज साधारण 10 पिढ्या. मग साध्या एलबी प्लेटवरच्या 100 कॉलनी टूथपिकने कॅनामायसिन (50 मायक्रोग्रॅम/मिली) प्लेटवर उतरवतो; तिथे प्लाझ्मिड असलेल्याच वाढतात. ई. कोलायच्या के-12 स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड टिकतं, बीएल21 मध्ये मात्र प्लाझ्मिड नसलेल्या कॉलनी वाढतच जातात.

सीसीडीबी निकामी झालेलं नाही: तो जीन एकटा क्लोन केला की डीएच5अल्फा या स्ट्रेनमध्ये कॉलनी येत नाहीत, जायरेजचं (डीएनएचे पीळ सांभाळणारं एन्झाइम, सीसीडीबीचं लक्ष्य) जीवायआरए462 म्युटेशन असलेल्या स्ट्रेनमध्ये येतात.

माझा संशय लॉन प्रोटिएजवर (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आहे. प्लाझ्मिड हरवलेल्या पेशीत सीसीडीए आधी विघटित झालं तरच सीसीडीबी मोकळं होऊन जायरेज अडवतं. ते विघटन लॉन करतं, आणि बीएल21 मध्ये लॉनच नाही! मग सीसीडीए पिढ्यान्‌पिढ्या विरळ होत जातं, पेशी मरत नाही.

त्याऐवजी पी1 या बॅक्टेरियोफाजची (जिवाणूंचा विषाणू) पीएचडी-डॉक जोडी घ्यावी का? तिथलं अँटिटॉक्सिन क्लिपएक्सपी हे दुसरं प्रोटिएज तोडतं, ते बीएल21 मध्ये शाबूत आहे. की आर1 प्लाझ्मिडची हॉक-सॉक, जिथे अँटिटॉक्सिन प्रथिन नसून आरएनए आहे? दोन्ही बीएल21 मध्ये वापरलेल्यांनी कृपया सांगा. प्रथिन बनवताना वाढ कोणत्या जोडीने कमी मंदावते?