एका नव्या पैशाचं बक्कल करायचंय, पैशाला धक्का न लावता

चटईवाला
मंडळी, काम छोटं आहे पण चुकलं तर परत करता येणार नाही, म्हणून आधी विचारतो.

आमचे अण्णा पाचोरा-जामनेर लाइनवर कीमॅन होते. रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तुडवायचा, चाव्या-बोल्ट बघायचे, सैल दिसलं की तिथंच ठोकायचं. ती छोटी गाडी (आमच्याकडे तिला सगळे पीजे म्हणतात) २०२० पासून बंद पडली. अण्णा त्याआधीच, ३१ मे २०१७ ला घरी बसले. शाळेत जन्मतारीख १ जून लावलेली, अर्ध्या गावाची असते तशी. खरा जन्म एप्रिल १९५७ चा. आजी सांगायची, त्याच महिन्यात नवे पैसे निघाले, रुपयाचे चौसष्ट होते त्याचे शंभर झाले, बाजारात रोज हिशोबावरून भांडणं, आणि त्या गोंधळात हा झाला. तिने अण्णांचं नावच ‘नवा पैसा’ पाडलं होतं. अण्णांना नातवंडं झाली तरी हाक तीच, “काय रे नव्या पैशा, जेवला का?”

आजीच्या बटव्यात १९५७ चा एक नवा पैसा कायम असायचा. ती गेल्यावर बटवा माझ्या बहिणीकडे गेला. अण्णांना वाटतं तो हरवला, आणि आम्ही तसंच वाटू दिलंय. बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतेय, तेव्हा त्यांच्या हातात द्यायचं असं ठरवलंय. नुसता पैसा दिला तर परत कुठल्यातरी डबीत जाईल. पट्टा मात्र त्यांच्या अंगावर रोज असतो. नोकरीतलाच जुना चामडी पट्टा आहे, बक्कलचा काटा तुटलाय, तिथे त्यांनी तार वळून बसवलीय. मी आणलेले दोन नवे पट्टे पेटीत पडून आहेत.

मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कानस, व्हाइस, हातड्रिल आहे, मित्राकडे लेथ आहे. व्हिडिओत एकाने नाण्याला दोन भोकं पाडून रिव्हेट मारले, ते बघून पोटात गोळा आला. दुसऱ्याने नाणं सरळ झाळून (सोल्डर करून) टाकलं.

अडचण अशी की नाणं व्हर्नियरने मोजलं तर जेमतेम १६ मिमी. मोठ्या पत्र्यावर टिकलीसारखं दिसेल. बसवू कसं? कायद्याची काही भानगड? आणि बहीण म्हणते, नाण्यावरचे सिंह कमरेला नकोत.

शिरपूरकर
भो, येवढा इचार कशाले करस? पितळनी वाटीमा नाणं ठेव, वरथीन रेझिन वत, दुसरा दिन काढी ले. मी मन्हा साडूले कीचेन करी दिधी, दोन वरीस झायात, आजून शे.

लेथवाला_भुसावळ
शिरपूरकर भाऊ, राग मानू नका, पण कीचेन खिशात राहते. बक्कल दिवसभर गाडीच्या टाकीला, टेबलाच्या कडेला, बांधावरच्या दगडाला घासतं. रेझिनवर चरे येतात, उन्हाने ते पिवळं पडतं, आणि मग आतला पैसा काढायचा म्हणजे फोडूनच. अराल्डाइटचं त्याहून वाईट. पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून लावलं तरी आपल्या मे महिन्यात उन्हातलं पितळ हातात धरवत नाही. तिथे चिकटवलेलं नाणं कधी सुटून पडलं हे कळणारसुद्धा नाही.

चटईवाले, टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली त्यावरून सांगतो. नाणं जोडू नकोस, नुसतं धर. पाहिजे तेव्हा सुटं करता आलं पाहिजे.

पितळी बारमधून ४५ मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची चकती काढ. पाच ठेवू नकोस, वजन पासष्ट ग्रॅमच्या पुढे जातं आणि बारीक माणसाची पँट खाली ओढतं. दोन्ही बाजूंनी फेसिंग मार, म्हणजे तोंडं सपाट होतील. मधोमध १५ मिमीचं आरपार बोअर, म्हणजे गोल भोक. मग मागून तेच १६.२ पर्यंत वाढव, पण पुढे १ मिमी सोडून. हा झाला ओठ. नाणं मागून टाकलं की ओठाला टेकेल, पुढे पडणार नाही. नाण्यामागे चामड्याची गोल चकती, तिच्यावर १ मिमी पितळी पत्र्याचं झाकण, तीन एम-२ (२ मिमीच्या) स्क्रूंनी आवळायचं. चामडं खाचेपेक्षा किंचित जाड ठेव, म्हणजे ते दाबलं जाऊन नाण्याला धरेल. नाहीतर अण्णा चालायला लागले की खुळखुळा वाजेल.

स्क्रूसाठी १.६ चं ड्रिल, मग आटे पाडायचा टॅप तेल टाकून अर्धा फेरा पुढे, पाव मागे. एम-२ चा टॅप आत तुटला की चकती भंगारात गेली समज. माझ्या दोन गेल्यात.

मागे एका कडेला पट्टा ओवायला ४ मिमी सळईची चौकोनी कडी, समोरच्या कडेला भोकात जाणारा खुंट. हे दोन्ही चांदीच्या झाळीने जोड, टाकणखार लावून. साधी शिशा-कथलाची झाळ नको, रोजच्या ओढीने सुटते. आणि क्रम चुकवू नकोस. गरम काम सगळ्यात आधी, मग टॅपिंग, मग पॉलिश. नाणं शेवटी, हात धुऊन.

टिकलीसारखं दिसेल म्हणतोस, तर लेथवरच बोअरभोवती दोन-तीन बारीक गोल खाचा मार. नजर आपोआप मधे जाते.

सराफकट्टा
लेथवाल्यांच्या पद्धतीला आमच्यात कोंदणच म्हणतात, फक्त ते मागून बंद होतंय. पटलं.

नवा पैसा १९५७ चा म्हणजे ब्राँझ, दीड ग्रॅम. त्यावर चांदीची झाळ चालवायची तर सहाशे डिग्रीच्या वर तापवावं लागतं. तो तपकिरी रंग जाईल, खाली गुलाबी-काळं उघडं पडेल, आणि आजीच्या बटव्यातला रंग मग कुणाच्या बापाला परत आणता येणार नाही. चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही लावू नको. गिऱ्हाईक नाणं लखलखीत करून आणतं आणि “आता किती देता” विचारतं, तेव्हा काय बोलावं कळत नाही. कोमट पाणी, जरासा रिठा, मऊ कापडाने टिपून घे, चोळू नको.

कायद्याचं नीट समजून घे. २०११ च्या नाणे कायद्याने चलनातलं नाणं वितळवणं, मोडणं, किंवा देण्याघेण्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं यावर बंदी आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातच नाहीत, म्हणून तुझा नवा पैसा मोकळा. हे वाचून कुणी रुपया-दोन रुपयाला भोक पाडायला बसू नये. आठ आणेसुद्धा अजून कायदेशीर आहेत, दुकानदार तोंड वाकडं करत असला तरी.

बहिणीचा प्रश्न सोपा आहे. सिंह एका बाजूला, आणि ‘रुपये का सौवां भाग, नया पैसा’ नि साल दुसऱ्या बाजूला. सालाची बाजू पुढे ठेव. तेच तर दाखवायचंय ना? सालाखाली बारीक चौकटीसारखी खूण असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, तीच चौकट मधून चिरलेली असेल तर हैदराबादचं, काहीच नसेल तर कलकत्त्याचं.

आणि फोटो कुठे टाकलास तर ‘हे नाणं लाखात घेतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारे येतील. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये यावर लोकांना सावध केलं होतं, तरी आमच्या पेढीवर महिन्याला एक तरी फसलेला येतो. नवा पैसा ढिगाने पाडलेला आहे, दुर्मिळ नाही. त्यामुळे एक दुसरा विकत घे आणि सगळी मापं त्याच्यावर कर. आजीचा पैसा शेवटच्या दिवसापर्यंत लेथजवळ नेऊच नको.

धुळे_आग्रारोड
चामड्याचं काम करतो, दोनच गोष्टी. ४५ च्या चकतीला सव्वा इंचाचा पट्टा शोभेल, दीड इंच घेऊ नका. आणि मागचं झाकण घामाने हिरवं पडून बनियनला डाग देतं, त्यावर पातळ चामडं लावून घ्या. निकेल चढवायचा विचार असेल तर सोडा. पोटाला निकेलने खाज सुटणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत, उन्हाळ्यात जास्त.

चटईवाला
लेथवाले काका, जुनाच पट्टा ठेवावा की नवीन? जुना भोकांपाशी चिरलाय.

धुळे_आग्रारोड
बक्कलकडचं टोक चांगलं असेल तर जुनाच ठेवा. चिरलेल्या भागाला मागून नवीन पट्टी शिवून मिळते, कुठलाही चपलांचा कारागीर अर्ध्या तासात करून देतो. माणूस नवे पट्टे पेटीत टाकतोय म्हणजे उत्तर त्यानेच दिलंय की.

चटईवाला
आखाजी झाली, सांगायला आलो.

पहिली चकती वाया गेली. टॅप नाही तुटला, चूक माझी. ओठ १५ मिमी ठेवला आणि सरावाचा पैसा टाकून पाहिलं तर कडेचं १९५७ ओठाखाली अर्धं झाकलेलं. ज्या सालासाठी सगळा खटाटोप तेच गायब! दुसऱ्या चकतीला बोअर १५.४ केलं. ओठ दोऱ्याएवढा राहिला पण साल पूर्ण दिसतं. झाळकाम मित्राच्या ओळखीच्या सोनाराने करून दिलं, माझ्या हाताने कडी दोनदा तिरपी बसली होती. सालाखाली चौकटीची खूण सापडली, म्हणजे पैसा मुंबईचा.

पट्टा गायब करणं हेच खरं अवघड निघालं. शेवटी बहिणीने “शिवायला टाकलाय” असं खरंच सांगून टाकलं, आणि अण्णा दोन दिवस पँटला सुतळी बांधून फिरले. नवे पट्टे तेव्हाही पेटीतच.

आखाजीच्या दुपारी, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होऊन अण्णा ओट्यावर पडले होते. बहिणीने पट्टा नेऊन दिला. आधी त्यांनी शिवण बघितली, बोट फिरवलं. मग बक्कल. चष्मा मागितला. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, “हा कोणाकडे होता?” बहीण म्हणाली, बटव्यात. त्यावर नुसतं “हं.”

मग बक्कल उलटं केलं, मागचं चामडं नखाने जरा उचकटून झाकण पाहिलं. मला वाटलं पैसा काढून बघणार. तर म्हणाले, “बारका पेचकस आण. तिसरा स्क्रू सैल आहे.”