नान्नजच्या माळावरचे चंडोल वेगळे कसे ओळखायचे?

प्रश्न | कोरडवाहू
सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगतच्या माळावर चिमणीएवढी, मातकट पाखरं, म्हणजे चंडोल (लार्क), दिसतात. तीन-चार जाती असाव्यात, पण दुर्बिणीतून सगळी सारखीच वाटतात. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आवाज ऐकून दर मिनिटाला नवं नाव दाखवतं. पक्की खूण कोणती?

माळकरी
अंगाच्या रंगावर जाऊ नका, मातीत राहणाऱ्याचा रंग मातीचाच. आधी चोच बघा. चोच बारीक, पाय लांब, उभा ताठ आणि शेपटी सारखी हलते, तर ती तीरचिमणी, चंडोल नव्हेच. चोच जाड असेल तर पाखरू उडायची वाट बघा. शेपटी तांबूस आणि टोकाला काळा पट्टा, तर तांबूस शेपटीचा चंडोल. नांगरट आणि खडकाळ जमीन त्याला फार आवडते. शेपटी साधी पण पंखात विटकरी डाग चमकला, तर बुशलार्क, हाही एक चंडोलच. डोक्यावर टोकदार तुरा आणि छातीवर मोजक्याच बारीक रेघा, तर सायक्सचा चंडोल, खास आपल्या दख्खनचा.
हे सगळं अर्ध्या सेकंदात दिसून जातं. कॅमेरा असेल तर शटर १/२००० ठेवा, उडतानाचेच फोटो घ्या.

रानवाट
गाता गाता हवेत मारलेली उडी तर रंगापेक्षा बोलकी. डोंबारी चंडोल वर चढतो, पंख मिटून सूर मारतो, पुन्हा वर उसळतो, नाव त्यावरूनच. बुशलार्क झुडपाच्या शेंड्यावरून थोडाच वर जातो आणि पाय लोंबते सोडून गात तरंगत उतरतो.
ॲप चुकतं कारण सायक्सचा आणि तांबूस शेपटीचा, दोघेही इतर पक्ष्यांच्या नकला करतात. त्यामुळे नुसत्या आवाजावर नोंद करू नका.

कोरडवाहू
डोंबारीचं पोट काळं असतं ना? मला तसा एकच दिसला, सोबतची सगळी फिकी होती.

माळकरी
काळं पोट आणि राखी डोकं फक्त नराचं. मादी साधी मातकट, पण चण चिमणीहून लहान, चोच आखूड आणि जाड. नराच्या आसपास चरणारी फिकी पाखरं आधी मादी म्हणूनच तपासा. हिवाळ्यात मात्र मोकळ्या रानात मोठा थवा दिसला तर पाहुणे आखूडबोटे चंडोल असू शकतात.

रानवाट
सकाळी नऊच्या आत उरका, ऊन पाठीशी घ्या. पुढे जमीन तापली की हवा थरथरते आणि छातीवरच्या रेघा पुसट होतात. आणि कळकळीची विनंती: यांची घरटी जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असतात. पाखरू चोचीत किडा धरून घुटमळत असेल, तर पिल्लं जवळच आहेत. आल्या पावली मागे फिरा. मोबाइलवर आवाज वाजवून तर मुळीच बोलावू नका, नर घरटं सोडून धावत येतो.