मदत हवी आहे: ‘बॉय बँड’ला मराठीत काय म्हणावे?

आमच्या वाचनमंडळाच्या हस्तलिखितासाठी मी रॉबी विल्यम्स या इंग्लिश गायकावर लेख लिहीत आहे. 1990 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ‘टेक दॅट’ या तरुण मुलांच्या पॉप गटात, म्हणजेच ‘बॉय बँड’मध्ये आलेला स्टोक-ऑन-ट्रेंटचा हा मुलगा 1995 च्या जुलैत बाहेर पडला, 1997 च्या ‘एंजल्स’ या गाण्याने स्वतंत्र गायक म्हणून स्थिरावला आणि ऑगस्ट 2003 मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला सलग तीन रात्री गायला. व्यसनांविषयी तो स्वतःच मोकळेपणाने बोलत आला आहे, त्यामुळे तो भाग लिहिणे अवघड गेले नाही.

अडले आहे ते शब्दापाशी. ‘वाद्यवृंद’ म्हणावे, तर ही मुले प्रामुख्याने गात आणि नाचत. ‘गायकवृंद’ म्हटले की भजनी मंडळ डोळ्यांसमोर येते! ‘बॉय बँड’ तसाच ठेवावा, की जाणकारांना एखादा नेमका प्रतिशब्द सुचतो?