जर्मन घेऊन बी. ए. झाल्यावर ठाणे-नवी मुंबईत पुढे काय?

कोपरीची आई
नमस्कार. माझी मुलगी जर्मन हा मुख्य विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भाषा तिने मनापासून निवडली आणि आम्हालाही त्याचा आनंदच आहे. मात्र तिच्यापर्यंत नोकरीच्या ज्या जाहिराती येतात, त्या बहुतेक ऐरोली-महापेच्या ग्राहकसेवा केंद्रांच्या असतात. तीन वर्षे साहित्य वाचलेल्या मुलीने रात्रपाळीत बिलांच्या तक्रारी ऐकाव्यात, हे मनाला पटत नाही. तिने एम. ए. करावे की नोकरी धरावी? आणि यंत्रच भाषांतर करू लागल्यावर या पदवीला काय किंमत उरणार आहे?

घणसोलीचा अनुवादक
ताई, आधी रात्रपाळीविषयी. जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते; त्यामुळे जर्मन ग्राहकांसाठीची पाळी बहुधा दुपारी सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत संपते. अशा नोकरीत एखादे वर्ष काढल्यास बोलण्याची भीड चेपते आणि कार्यालयीन जर्मन अंगवळणी पडते. अशा नोकरीला कमी लेखू नये. मात्र तेथेच थांबूही नये.

खरे काम भाषेला दुसऱ्या विषयाची जोड मिळाली की सुरू होते, असे मला ठामपणे वाटते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने आणि औषधे बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. युरोपीय संघाच्या ‘रीच’ नियमांनुसार धोकादायक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रके, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, ज्या देशात माल विकला जातो त्या देशाच्या अधिकृत भाषेत द्यावी लागतात. औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रकालाही तसाच नियम आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक जर्मन आहे. ही कागदपत्रे वाचताना शब्दाइतकाच विषय कळावा लागतो, आणि दोन्ही कळणारी माणसे फारशी सापडत नाहीत.

यंत्राबद्दलची आपली काळजी रास्त आहे. साध्या पत्रांच्या आणि संकेतस्थळांच्या भाषांतराचे दर त्यामुळे पडले आहेत आणि पुष्कळ काम आता यंत्राचा मसुदा तपासण्याच्या, म्हणजे पोस्ट-एडिटिंगच्या, स्वरूपात येते. पण औषधाच्या मात्रेतील चूक कोणाच्या तरी लक्षात यावीच लागते. भाषांतर सेवांच्या आयएसओ १७१०० या २०१५च्या मानकातही मूळ मजकुराशी ताडून पाहणारी दुसरी व्यक्ती आवश्यक मानली आहे. याच मानकात अनुवादकासाठी भाषांतराची पदवी, किंवा अन्य विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा अनुभव असे पर्याय दिले आहेत. तिने अनुभव लवकर जमवायला लागावे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

वाशीच्या जर्मन शिक्षिका
वरच्या प्रतिसादाशी मी बरीच सहमत आहे. मात्र त्यात अध्यापनाचा उल्लेख राहून गेला आहे आणि मला तो वगळवत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी२ पातळीची, म्हणजे ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांपैकी चौथ्या पातळीची, जर्मन लागते, आणि नर्सिंग किंवा आयटीआय झालेल्या मुलामुलींना शून्यापासून तेथवर नेणे म्हणजे दीर्घकाळ चिकाटीने शिकवण्याचे काम आहे. असे शिकवणाऱ्यांची गरज मला रोज दिसते. ज्या मुलीने साहित्य वाचले आहे, तिला वाक्याची ठेवण आतून कळलेली असते. ती अशा वर्गात फार उपयोगी पडते.

शाळेत कायम नोकरी हवी असेल तर बी. एड. करावे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम. ए. आणि नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हा मार्ग आहे. मात्र २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार शाळेतील तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असायला हव्यात. म्हणून केवळ शाळांवर विसंबून राहू नये.

जपानी शिकणारा, कळवा
मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानच्या सहकार्याने उभी राहत आहे आणि तिच्या बारा स्थानकांपैकी एक ठाण्यात आहे. तरीही दुभाष्याच्या कामासाठी विचारणा होते ती पदवीची नव्हे, तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतील एन२ किंवा एन१ या वरच्या पातळ्यांची. जर्मनबाबतही पातळीचे प्रमाणपत्र हवेच, असे माझे मत आहे.

कोपरीची आई
सर्वांचे मनापासून आभार. तिच्याकडे बी१चे प्रमाणपत्र आहे. पदवीच्या परीक्षेबरोबर बी२ची तयारी झेपेल का?

वाशीच्या जर्मन शिक्षिका
झेपेल. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे परीक्षेचे चार भाग आहेत आणि गोएथे संस्थेच्या बी२ परीक्षेत ते स्वतंत्रपणे देता येतात. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे याच संस्थेच्या मुंबईतील केंद्रात, तारखांची चौकशी करावी. पदवीच्या अभ्यासामुळे वाचन बहुधा तयार असते, म्हणून ते आधी द्यावे. संभाषणासाठी पदवीची परीक्षा संपल्यानंतरची तारीख घ्यावी आणि तोवर रोज कोणाशी तरी जर्मनमध्ये बोलावे.