प्रति: श्लीरेन असताना लेझर कशाला?

वाऱ्याच्या बोगद्यात (टनेलमध्ये) अवकाश-कॅप्सूलचं मॉडेल तपासताना श्लीरेनचे, म्हणजे हवेच्या घनतेतले फरक दाखवणारे, फोटो मिळतात तर लेझरवर खर्च कशाला, हा वरचा मुद्दा कॅप्सूलच्या पुढ्यात हवा एकदम दाबली जाऊन उठणाऱ्या लाटेपुरता, म्हणजे शॉकपुरता, पटतो. कॅप्सूलच्या मागच्या विलग (पृष्ठभागापासून सुटलेल्या) प्रवाहात मात्र श्लीरेन तोकडं पडतं. तिथे घनता फार कमी, आणि दिसते ती अख्ख्या रुंदीची बेरीज. पीएलआयएफ या लेझर पद्धतीत २२६ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश पातळ पडद्यासारखा सोडतात, त्यात नायट्रिक ऑक्साइड चमकतो आणि एकच काप दिसतो. पल्स जेमतेम १० नॅनोसेकंदांचा, त्यामुळे भोवरे जागच्या जागी गोठल्यासारखे येतात.

पण हा वायू येतो कुठून, ते कुणी लिहिलं नाही. शॉक टनेलमध्ये, म्हणजे शॉकनेच हवा तापवणाऱ्या बोगद्यात, हवा इतकी तापते की तो आपोआप तयार होतो. नासाच्या लँगलीतल्या ३१ इंची माख १० (आवाजाच्या दहापट वेगाच्या) टनेलमध्ये तापवलेली हवा साधारण १००० केल्विनची. तेवढ्याने भागत नाही, म्हणून नायट्रिक ऑक्साइड मॉडेलच्या बारीक छिद्रांतून सोडतात. मग चित्रातला काळा भाग म्हणजे 'प्रवाह नाही' असं नव्हे, वायू पोचला नाही किंवा लेझर मॉडेलच्या सावलीत अडला, एवढंच. शिवाय मॉडेल बहुतेकदा मागून दांड्यावर धरलेलं. म्हणजे बघायचाय तो प्रवाह, आणि त्याच्याच मधोमध दांडा!