भाऊ सात महिने प्यायला नव्हता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला. घरच्यांनी आता कसं वागावं? मदत हवी आहे

मी यवतमाळ जिल्ह्यातली. माहेरी सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि थोडी तूर. लहान भाऊ ३४ वर्षांचा. सुरुवात मोहाच्या दारूनं झाली, मग देशी. शेवटी शेवटी सकाळी डोळे उघडले की पव्वा लागायचा. गेल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावताना त्याचे हात इतके थरथरत होते की अर्धं बेगड शेणात पडलं. मायनं त्याच्या हातून घेऊन लावलं. तो तोंड फिरवून उभा राहिला.

संक्रांतीनंतर तोच म्हणाला, "ताई, मले ने कुठं तरी." दहा दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर सात महिने थेंब नाही. तंबाखूचा खर्रा चालूच होता, पण त्यावरून आम्ही कोणी बोललो नाही. यंदा बेगड त्यानंच लावलं, एक सुरकुती नाही. मायनं ते मला फोनवर दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, म्हणजे गावातलं वाईट घेऊन जावं म्हणून पुतळ्याची मिरवणूक काढतात ती. रोगराई, खोकला घेऊन जा म्हणत पोरं ओरडतातच. मागून कोणीतरी ओरडलं, "बेवडे घेऊन जा गे मारबत!" सगळे हसले. भावाचा मुलगा सांगतो, बाबाही हसला. त्या रात्री प्यायला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मी पेलो वं ताई. दुसरं कोणी सांगायच्या आधी मीच सांगून रायलो."

आता बारा दिवस झाले, रोज चालू आहे. काकांनी कुठून तरी दारू सोडवायची पुडी आणली आहे, वरणात टाका, त्याला कळू देऊ नका म्हणतात. भावजय रात्री त्याचे खिसे तपासते. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. पुडी द्यावी का? घरीच कोंडून एकदम बंद केली तर चालेल का? आणि मी त्याच्याशी काय बोलू?

उत्तर (चंद्रपूरहून):
ताई, पुडी देऊ नका. अशा पुडीत काय असतं कळत नाही. डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असेल आणि वर तो प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी एकदम उतरतं, जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. शिवाय वरणात औषध सापडलं तर तो तुमच्या घरचं जेवणही विश्वासानं खाणार नाही.

कोंडूनही नको. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भलतंच पाहू लागतो. दवाखान्यात त्यासाठीच गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे न्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ टेलिमानस ही मानसिक आरोग्याची, फोन तुम्हीसुद्धा करू शकता.

आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली, २०२१ ला उठली. माझे वडील दोन्ही काळात पीत होते. तिसऱ्यांदा भरती केल्यावर सुटले. पहिल्या दोन वेळा आम्ही "पैसे पाण्यात गेले" म्हणालो, ते मला आजही टोचतं. तुमच्या भावाचे सात महिने गेले नाहीत. आणि त्यानं स्वतः फोन केला, माझ्या वडिलांनी असा फोन कधी केला नाही. त्याला विचारा, मिरवणुकीत काय वाटलं होतं. पैसे हातात देऊ नका, पण ताट वाढताना बोला.

धागाकर्ती:
पुडी मी नालीत टाकली, काकांना तसं सांगितलं. भाऊला मारबतीचं विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पोरगं सोबत होतं ना ताई."

बुधवारी जायला तयार झाला आहे, तोपर्यंत काय करायचं ते हेल्पलाइनला विचारून घेतलं. पहाटेच्या एसटीनं जाऊ म्हणतो, गाव उठायच्या आत. मी हो म्हटलं. भावजयीलाही यायचं आहे, पण तो म्हणतो तूच ये. तिला घरी ठेवलं तर तिला लागेल. कोणाला असा अनुभव असेल तर मंगळवारपर्यंत सांगा.